बिल्ला

सावनेरचा रस्ता सोडला की डांबर संपतं,
काळेपण संपत नाही.
कोळशाची चुरी अजून चाकाखाली करकरते.
स्कूटी पळसाखाली लावली.
सुकलाल धुर्वे आधीच उभे,
हातात कोयता, पायात कंपनीचे बूट, टाचा झिजलेले.
चोवीस वर्षं ट्रामर. आता बकऱ्या.

"पाय जपून ठेवजो, बाई,
हे जमीन नोहे. छत होय."

मग मी छतावरून चालले.
घाणेरी कमरेपर्यंत, सलवारीला कुसळं,
धावड्याच्या सालीवर मुंग्यांची वर्दळ,
आणि मध्येच एक गोल खड्डा,
खालून कुणी चादर ओढून घेतल्यासारखा.
"इथं चौथं सेक्शन बसलं," सुकलाल म्हणाले.
जेवायला बसलं म्हणावं, तसं.

हॉलेजच्या ड्रमवर वारूळ चढलंय.
दोर गेला भंगारात, रुळही गेले,
रुळांखालचे स्लीपर कुणाच्या तरी गोठ्यात आहेत.
उंबर मात्र विटा फोडून आला,
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

इनक्लाईनच्या तोंडाला भिंत, भिंतीत एक पाइप.
मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा,
आणि पाइपातून गार हवा.
मी गाल पुढे केला.
ओलं लाकूड, जुनं लोखंड:
बाबांचा डबा घासताना आई नाक मुरडायची
तो हाच वास.
सुकलालांनी दंडाला धरून मागे ओढलं.
"गार आहे, पण चांगली नाही.
बकऱ्यायलेही बसू देत नाही मी इथं."

दिवाघराला वर काही नाही, नुसतं आभाळ.
दारं, चौकटी, पत्रे, सगळं गेलं.
खिळे भिंतीतच ठोकलेले, म्हणून राहिले.
रांगेने खिळे, खाली चुन्यातले आकडे,
त्यांवरून गुळवेल वाट काढत गेलेली.
नियम साधा होता:
दिवा घ्यायचा, बिल्ला खिळ्याला.
वर आलं की दिवा द्यायचा, बिल्ला खिशात.
खिळ्याला बिल्ला, म्हणजे माणूस खाली.

सत्त्याहत्तर नंबरच्या खिळ्याला एक आहे अजून.
हिरवट पितळ, वेलीत अर्धा गुंतलेला.
मी बोट दाखवलं.
"तो? तो दिवा घेऊन पळाला बालाघाटले.
तिकडं रातच्याले खेकडे धरत असन."
हसले. मग बराच वेळ
कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवत राहिले.

माझ्या पर्समध्ये तीनशे अठरा होता.
शिलाई मशीनच्या खणात सापडला,
बटणांमध्ये, बटण समजून ठेवलेला.
बाबा मानकापूरच्या घरात, पंख्याखाली, पलंगावर गेले.
शेवटचे आठ दिवस एकच विचारायचे,
"पाळी कोणती?"
आई म्हणायची, "सुट्टी आहे आज."
त्यांचा विश्वास बसायचा नाही.

तीनशे अठराचा आकडा पुसट, खिळा शाबूत.
इतक्या लांब त्याचसाठी आले होते,
जिथलं तिथे ठेवावं म्हणून.
हात वर गेला.

"लावू नको," सुकलाल म्हणाले,
आवाज न चढवता, मुकादम सांगतो तसं.
"लावला, का तो खाली."

खिळ्याला बोट लावून पाहिलं फक्त.
बोटाला गंज आला.

परतताना त्यांना विचारलं, तुमचा नंबर?
"दोनशे सहा."
मग बिल्ला कुठे आहे?
त्यांनी ओठांनी टकटक आवाज काढला.
घाणेरीतून आधी एक किणकिण आली,
मग शिंगं, मग दाढी,
आणि गळ्यात, घंटीशेजारी, घासून चकचकीत झालेला
दोनशे सहा,
पाला चावत, छतावरून,
आमच्या पुढे चालू लागला.